गुडघ्यातली सूज ओसरली, पण आतल्या कूर्चेचं काय?

कराडची_आई

नमस्कार. माझा मुलगा साडेपाच वर्षांचा आहे, वजन १७ किलो. हिमोफिलिया ए, सिव्हिअर, म्हणजे रक्त गोठवणारा फॅक्टर आठ त्याच्या अंगात जवळजवळ नाहीच. अकराव्या महिन्यात रांगायला लागला तेव्हा गुडघ्यांवर, दंडांवर काळेनिळे डाग उठायला लागले आणि तपासणीत कळलं.

दिवाळीच्या सुट्टीत वाड्यातल्या पोरांनी किल्ला केला. हा दिवसभर चिखलात गुडघे टेकून बसला होता. संध्याकाळी सहाच्या सुमाराला, बुरुजावर मावळे मांडता मांडता म्हणाला, "आई, गुडघ्यात काहीतरी वळवळतंय." बघितलं तर वरून काहीच नव्हतं. मला वाटलं, दमलाय. जेवला, झोपला. सकाळी उठला तो रडतच. डावा गुडघा टम्म, गरम लागत होता, पाय वाकलेल्या स्थितीतून सरळ होईना. आधी इथल्याच एका दवाखान्यात नेलं, त्यांच्याकडे फॅक्टर नव्हता, तरी बसवून ठेवलं. मग गाडी करून साताऱ्याला. फॅक्टर हाताला लागेपर्यंत दुपारचे तीन वाजले. २५० युनिटचं एक इंजेक्शन दिलं. "दुखलं तर उद्या परत या" म्हणाले. दुसऱ्या दिवशी दुखणं कमी होतं, म्हणून गेलो नाही.

आज पाचवा दिवस. सूज जवळजवळ गेली. इथल्या डॉक्टरांना दाखवलं तर म्हणाले, रक्त शोषलं गेलंय, आता काळजी नाही. पण गणपतीपासून याच गुडघ्यात हे तिसऱ्यांदा झालंय आणि मला झोप लागत नाही. माझा प्रश्न एवढाच आहे: रक्त शोषलं गेलं म्हणजे आतलं सगळं पहिल्यासारखं होतं का? कूर्चेवर त्याचा परिणाम राहतो का, आणि राहत असेल तर ती भरून येते का?

सासूबाई आंबेहळदीचा लेप गरम करून लावू म्हणतायत. सोमवारी शाळा आहे. कुणाला अनुभव असेल तर सांगा.

माणदेशी

ताई, घाबरू नका. मी दोन वर्षांपूर्वी गाडीवरून पडलो, गुडघ्यात असंच रक्त साठलं होतं. आमच्याकडच्या वैदूनं गरम तेलानं चोळून दिलं, वर आंबेहळद आणि तुरटी. पंधरा दिवसांत शेतात उतरलो. रक्त शरीराचंच असतं, ते काय अपाय करणार? थोडं चालतं करा पोराला, पाय मोकळा होईल.

वाईकर_७९

ताई, सोमवार जवळ आलाय म्हणून आजच सविस्तर लिहितो. पहिल्यांदा एक: गरम लेप नको, शेक नको, चोळणं तर अजिबात नको. आंबेहळद थंड लावली तर कातडीला काही होणार नाही, पण गुडघ्याच्या आत ती पोचत नाही. आजींना माझा नमस्कार सांगून हे सांगा. माणदेशी दादा, तुम्ही मनापासून सांगितलंत. तुमचं रक्त गोठतं, म्हणून आत रक्त येणं थोड्या वेळात थांबलं आणि साठलेलं निघून गेलं. या पोराच्या सांध्यात फुटलेली केशवाहिनी नुसती चोळल्यानंही परत वाहायला लागते.

मी ४६ वर्षांचा. हिमोफिलिया ए, फॅक्टर आठ एक टक्क्याच्या खाली. एका महाविद्यालयात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहाय्यक आहे. उजवा गुडघा २०१४ साली बदलला. डावा कोपर पूर्ण सरळ होत नाही, शर्ट घालताना आधी ती बाही घालावी लागते. हे सगळं जे गेलं ते एका दिवसात गेलं नाही. तुमच्या मुलाला आज जे होतंय ते मला १९८५ ते १९९५ या काळात होत होतं, आणि प्रत्येक वेळी सूज ओसरली की घरात कुणीतरी म्हणायचं, "चला, शोषलं गेलं."

आता तुमचा प्रश्न. रक्त शोषलं जातं हे खरं आहे. पण कूर्चेला जे व्हायचं ते सूज असेपर्यंतच्या दिवसांत होऊन गेलेलं असतं.

गुडघ्यातली कूर्चा म्हणजे हाडांच्या टोकांवरचा दोन-चार मिलिमीटर जाडीचा पांढरा, गुळगुळीत थर. ओल्या खोबऱ्याच्या वाटीची आतली बाजू डोळ्यांपुढे आणा. तिच्यात बरंचसं पाणी असतं. कोलॅजेनचं जाळं आणि त्यात प्रोटिओग्लायकॅन नावाचे रेणू ते पाणी धरून ठेवतात, म्हणून उडी मारली तरी हाडावर हाड आपटत नाही. हे सगळं बनवायला कूर्चेत पेशी असतात, पण फार विरळ. आणि कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नाहीत. तिचं पोषण सांध्यातल्या वंगणातून होतं. म्हणजे वंगणात जे मिसळेल ते थेट तिच्या तोंडात जातं. संवेदना नेणाऱ्या नसाही तिच्यात नाहीत, त्यामुळे तिला इजा होताना काही दुखत नाही. दुखतं ते सांध्याचं ताणलेलं अस्तर. सूज उतरली की अस्तराचा ताण जातो, पोरगं हसायला लागतं, आणि कूर्चेचं काय झालं हे कुणालाच कळत नाही.

रक्त शरीराचंच असून अपाय कसा करतं, हे दादांनी विचारलं. हा माझ्या कामातला विषय आहे म्हणून जरा थांबून सांगतो. आमच्या प्रयोगशाळेत दरवर्षी शेवटच्या वर्षाच्या मुलांना एक प्रयोग दाखवतो. चंचुपात्रात मिथिलीन ब्लूचं निळंशार पाणी घ्यायचं, थोडं आम्ल घालायचं, त्यात हायड्रोजन पेरॉक्साइड ओतायचं. निळा रंग तसाच राहतो. मग फेरस सल्फेटचे, म्हणजे लोखंडाच्या क्षाराचे, थोडे थेंब टाकायचे. बघता बघता रंग फिका पडत जातो आणि पाणी जवळजवळ स्वच्छ होतं. लोखंडानं पेरॉक्साइड फोडून त्यातून हायड्रॉक्सिल रॅडिकल तयार होतो, आणि तो समोर येईल त्या रेणूचे तुकडे करतो. फेंटनची अभिक्रिया म्हणतात तिला.

सांध्यात रक्त आलं की हीच दोन द्रव्यं तिथे एकत्र येतात. रक्ताबरोबर आलेल्या पांढऱ्या पेशींपैकी काही, मोनोसाइट आणि त्यांच्यापासून होणाऱ्या मॅक्रोफेज, इंटरल्यूकिन-१ नावाचा संदेश सोडतात. त्यानं कूर्चेच्या पेशी स्वतःच पेरॉक्साइड बनवायला लागतात. आणि फुटलेल्या तांबड्या पेशींच्या हिमोग्लोबिनमधलं लोखंड तिथे हजर असतंच. रॅडिकल तयार होतो तो कूर्चेच्या पेशीला अगदी खेटून, आणि पेशी मरते. चंचुपात्रातला रंग जाताना मी गेली वीस वर्षं बघतोय, आणि दर वेळी मला माझा गुडघा आठवतो.

नेदरलँड्समधल्या उट्रेख्तच्या डॉक्टरांनी हे नीट मोजून दाखवलंय. माणसाच्या कूर्चेचे तुकडे त्यांनी चार दिवस रक्तात ठेवले, निम्मं रक्त आणि निम्मा पोषक द्राव. प्रोटिओग्लायकॅन बनवणं जवळजवळ थांबलं, आणि रक्त धुऊन काढल्यावरही पुढचे कित्येक दिवस ते सुरू झालं नाही. नंतर त्यांनी प्रमाण आणि वेळ बदलून बघितली. १० टक्के रक्त चार दिवस राहिलं तरी टिकणारा परिणाम होतो, ५० टक्के असेल तर दोन दिवस पुरतात. कुत्र्यांवर केलेल्या प्रयोगांत आणखी दोन गोष्टी दिसल्या: लहान वयाची कूर्चा मोठ्या वयापेक्षा जास्त नाजूक ठरली, आणि रक्त असताना त्या सांध्यावर वजन टाकलं तर नुकसान वाढलं. म्हणून "थोडं चालतं करा" हे या दिवसांत नको.

आता भरून येतं का. याचं उत्तर मी गोल करून देणार नाही. ज्या पेशी जगल्या त्या प्रोटिओग्लायकॅन पुन्हा बनवतात, वेळ लागतो पण बनवतात, आणि मध्ये परत रक्त आलं नाही तरच बनवतात. ज्या मेल्या त्यांच्या जागी नव्या जवळजवळ येत नाहीत. कोलॅजेनचं जाळं एकदा तुटलं की ते पहिल्यासारखं विणलं जात नाही, मोठ्या खड्ड्यात भरतो तो राठ, तंतुमय भाग. एका ब्लीडनं गुडघा जात नाही, हे मात्र नक्की ऐका. गुडघा जातो तो एकातून सावरायच्या आत दुसरं झाल्यानं.

आणि दुसरं होतं ते अस्तरामुळे. रक्तातलं लोखंड साफ करायचं काम अस्तराचं. ते लोखंड गिळून गिळून अस्तर जाड होतं, त्याला झालरीसारखे कोंब फुटतात, त्यांत नव्या, नाजूक रक्तवाहिन्या येतात. चालताना तो कोंब दोन हाडांत चिमटला की पुन्हा रक्त. २०१४ च्या ऑपरेशननंतर सर्जननी मला मोबाईलवर माझ्याच गुडघ्याचा फोटो दाखवला होता. अस्तर पार तपकिरी, पांढऱ्या धोतराला गंजक्या खिळ्याचा डाग पडावा तसं, तेही सगळीकडे. आणि खोबऱ्याची वाटी म्हणालो ना, ती नव्हतीच. पिवळट उघडं हाड, कडेला पापुद्र्यांसारखे दोन-चार तुकडे. मी तो फोटो मागून घेतला. अजून माझ्याकडे आहे.

सहा महिन्यांत एकाच सांध्यात आपोआप तीन किंवा जास्त ब्लीड झाले तर त्याला टार्गेट जॉइंट म्हणतात. गणपती ते दिवाळी तीन म्हणजे तुमच्या मुलाचा डावा गुडघा त्या उंबरठ्यावर आलाय असं धरून चाला आणि साताऱ्याच्या हिमोफिलिया डे केअरमध्ये हेच शब्द वापरून सांगा. "गुडघा सुजला होता" एवढंच सांगितलं तर एक इंजेक्शन देऊन पाठवतात.

त्या एका इंजेक्शनाचाही हिशेब मांडून बघा. फॅक्टर आठ हा दर किलो वजनाला एक युनिट दिला की रक्तातली पातळी साधारण दोन टक्क्यांनी वाढते. १७ किलोला २५० म्हणजे २९ टक्क्यांच्या आसपास. आणि आठ ते बारा तासांत ती निम्मी होते. म्हणजे दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला त्याच्या अंगात ३ ते ७ टक्के उरले होते. दुखणं कमी झालं म्हणून तुम्ही गेला नाहीत, कुणीही हेच केलं असतं. पण पुढच्या वेळी दुसरा डोस केव्हा, तिसरा लागेल का, हे निघतानाच विचारून कागदावर लिहून घ्या. डोस त्यांनीच ठरवायचा, मी फक्त हिशेब सांगितला.

अजून एक लिहायचंय आणि ते दोष द्यायला नाही. तो संध्याकाळी सहाला "वळवळतंय" म्हणाला. तीच वेळ होती. सूज यायच्या आधी सांध्यात मुंग्या आल्यासारखं, कोमट पाणी फिरल्यासारखं वाटतं, आम्हा सगळ्यांना ते ओळखता येतं. साडेपाच वर्षांच्या मुलानं ते ओळखलं आणि शब्दात सांगितलं, ही फार मोठी गोष्ट आहे. जगभर सांगतात की शक्यतो दोन तासांत फॅक्टर मिळावा. तुम्हाला २१ तास लागले. घरी फ्रिजमध्ये, दोन ते आठ अंशांत, दोन वायल ठेवायला देतात का ते विचारा. आणि शीर धरायला शिका. माझी बहीण शिकली, तिच्या मुलालाही हेच आहे. बाटली गार असताना मिसळायची नाही, पाणी सोडल्यावर हलवायची नाही, फेस होतो. दोन तळव्यांत धरून हळूहळू फिरवायची, रवी फिरवतो तशी, पण सावकाश. पावडर दिसेनाशी झाली की बटरफ्लायनं, म्हणजे पंखवाल्या बारीक सुईनं, सावकाश द्यायचं. पहिल्या तीन वेळा तिचे हात कापले. चौथ्या वेळी भाच्यानंच शीर दाखवली.

चढाई_९

मला हिमोफिलिया नाही, पण प्रश्न इथलाच वाटला. मी कबड्डी खेळतो. मागच्या महिन्यात पकडीत पाय पिळला, खटकन आवाज आला, दोन तासांत गुडघा भरला. सिरिंजनं ५० मिली रक्त काढलं. एमआरआयमध्ये एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आतलं लिगामेंट, तुटलेलं आलं. वाईकर काकांचं वाचून धास्ती बसली. माझी कूर्चा पण गेली का?

फिजिओ_सांगली

चढाई_९, अंगाला पीळ बसून तास-दोन तासांत गुडघा रक्तानं भरतो तेव्हा दहापैकी सात वेळा एसीएलच असतं, त्यामुळे तुझं नेहमीचंच चित्र आहे. तुझं रक्त गोठतं, निरोगी सांधा दोन-चार दिवसांत बहुतेक रक्त बाहेर टाकतो, आणि तुझं बरंचसं काढूनही टाकलं. एकदाच झालेलं आहे. त्या रक्तापेक्षा त्या क्षणी मांडीचं हाड नडगीवर आपटलं त्याचा मार कूर्चेला जास्त बसलेला असतो. एमआरआयच्या रिपोर्टमध्ये हाडाच्या सुजेबद्दल आणि गादीबद्दल, म्हणजे मेनिस्कसबद्दल, काय लिहिलंय ते बघ. काढलेल्या रक्तावर तेलाचे थेंब तरंगत होते का, हेही डॉक्टरांना विचार. तसं असेल तर हाडाला चीर असते. तुझा खरा धोका पुढचा आहे: एसीएल नसलेल्या गुडघ्यावर स्पर्धा खेळायला गेलास तर पाय पुन्हा पुन्हा निसटेल आणि दर वेळी आत रक्त येईल. सीझन सोड.

कराडची_आई, वाईकरांनी आतलं सगळं सांगितलं, मी बाहेरचं सांगते. तुमच्या वर्णनावरून पाय वाकलेल्या स्थितीत होता. आराम वाटतो म्हणून गुडघ्याखाली उशी ठेवून झोपवत असाल तर आजपासून बंद करा, गुडघा तसाच वाकडा आखडतो. टाचेखाली छोटी घडी ठेवा, गुडघा आपल्या वजनानं सरळ होऊ दे. बर्फ लावायचा असेल तर कपड्यात गुंडाळून १५ मिनिटं, त्याहून जास्त नाही. दुखणं थांबल्यावर, फॅक्टरच्या आधारानं, गुडघ्याखाली पंचाची गुंडाळी ठेवून ती खाली दाबायला सांगा. मनात पाच मोजायचे, सोडायचं, असं दहा वेळा. त्याला सांगा पंचाखाली मुंगी लपलीय, ती निसटू द्यायची नाही. सांधा हलत नाही पण मांडीचा पुढचा स्नायू जागा होतो. एका ब्लीडनंतर आठवडाभरात मांडी बारीक होते, डोळ्यांना दिसत नाही. गुडघ्याच्या वाटीपासून दहा सेंटीमीटर वर खूण करून दोन्ही मांड्यांचा घेर टेपनं मोजा. फरक असेपर्यंत पळणं, उड्या नकोत. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल चालेल. अॅस्पिरिन, आयब्रुफेन, डायक्लोफिनॅक अजिबात नाही, आणि कुणी कमरेत इंजेक्शन द्यायला निघालं तर हात धरा.

वाईकर_७९

सांगलीच्या ताईंनी मांडीचं लिहिलं म्हणून माझं सांगतो. १९८८ मध्ये, मी नऊ वर्षांचा असताना, एका डॉक्टरांनी माझ्या उजव्या पायाला सहा आठवडे प्लॅस्टर घातलं. हेतू चांगला होता, सांधा हलू नये म्हणून. निघालं तेव्हा मांडी आणि पोटरी एकाच जाडीची होती. पहिल्याच दिवशी अंगणात चाललो आणि संध्याकाळी गुडघा पुन्हा भरला, कारण धरून ठेवायला स्नायूच नव्हता. तेव्हा फॅक्टर आम्ही डोळ्यांनी पाहिला नव्हता. वडील एसटीनं पुण्याला न्यायचे, क्रायोच्या, म्हणजे दात्याच्या रक्तातून काढलेल्या फॅक्टरयुक्त द्रवाच्या, पिशव्या चढवायच्या. गाडीत मी त्यांच्या मांडीवर पाय ठेवून बसायचो. खंबाटकीच्या घाटात गाडी वळली की ते दोन्ही हातांनी माझा गुडघा उचलून धरायचे.

एक्स-रे दरवर्षी काढायचे आणि दरवर्षी "नॉर्मल" यायचा. एक्स-रेत कूर्चा दिसतच नाही. दोन हाडांमधली फट दिसते, आणि ती फट कमी दिसायला लागली तोवर मी सतरा वर्षांचा होतो.

कराडची_आई

सगळ्यांचे आभार. काका, तुमचं वाचून आधी खूप रडू आलं, मग दोनदा परत वाचलं. लेप ठेवून दिला. सासूबाईंना खोबऱ्याच्या वाटीचं सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं आणि स्वतःच उशी काढून टाचेखाली धोतराची घडी ठेवली.

दोन प्रश्न. एक्स-रेत दिसत नाही तर एमआरआय करावा का? एवढ्या लहान मुलाला भूल द्यावी लागेल म्हणतात. आणि पोटावर द्यायचं नवं इंजेक्शन आलंय, त्यानं गुडघा बरा होतो का?

फिजिओ_सांगली

आधी सोनोग्राफी विचारा. भूल लागत नाही, आईच्या मांडीवर बसूनही होते. सांध्यात पाणी किंवा रक्त उरलंय का, अस्तर जाड झालंय का हे दिसतं, आणि गुडघा वाकवून धरला तर मांडीच्या हाडावरच्या कूर्चेचा पुढचा भागही दिसतो. सगळी कूर्चा दिसत नाही, त्यासाठी एमआरआयच. पण आज ठरवायचंय ते अस्तराचं, आणि त्याला सोनोग्राफी पुरते. स्नायू-सांध्यांची सोनोग्राफी करणारे डॉक्टर हवेत, तेवढं बघा.

वाईकर_७९

ताई, इंजेक्शनाचं मी सांगतो, भाच्याला चालू आहे. एमिसिझुमॅब. फॅक्टर आठचं जे काम, नऊ आणि दहा या दोन फॅक्टरना जवळ आणून पुढची साखळी चालू करायची, ते काम हे औषध करतं. कातडीखाली देतात, आठवड्याला, पंधरा दिवसांनी किंवा चार आठवड्यांनी. शीर शोधावी लागत नाही. पण नीट लक्षात घ्या: ते ब्लीड होऊ नये म्हणून आहे. झालेलं ब्लीड त्यानं थांबत नाही, त्याला फॅक्टरच लागतो. आणि गेलेली कूर्चा ते परत आणत नाही. ते उरलेल्या कूर्चेला वेळ मिळवून देतं. तुमच्या मुलाला आज नेमका वेळच हवाय.

नियमित फॅक्टर घेऊनही हेच साधतं. अमेरिकेतला एक अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. अडीच वर्षांखालची ६५ मुलं घेतली. निम्म्यांना ब्लीड होवो न होवो ठरलेल्या दिवशी फॅक्टर, निम्म्यांना ब्लीड झाल्यावर, पण भरपूर. सहाव्या वर्षी एमआरआय केले. पहिल्या गटातल्या ९३ टक्के मुलांचे सांधे शाबूत होते, दुसऱ्या गटात ५५ टक्के. म्हणजे ब्लीड झाल्यावर उत्तम उपचार मिळूनही जवळजवळ निम्म्यांचे सांधे बिघडले. स्वीडनमध्ये माल्मोला डॉक्टरांनी हे १९५८ पासूनच सुरू केलं होतं. मी जन्मायच्या एकवीस वर्षं आधी. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बाहेर उभा होतो.

माझ्या भाच्याला चौथ्या वर्षापासून आठवड्यातून दोनदा २५० युनिट मिळत होते. डोस फार मोठा नव्हता, पण बहिणीनं वार चुकवला नाही. तो आता तेरा वर्षांचा आहे. एकदा उजवा घोटा भरला होता, बाकी काही नाही. उन्हाळ्यात कृष्णेच्या घाटावर पोहायला जातो. पाण्यातून वर येताना तो मांडी घालून दगडावर बसतो आणि एका झटक्यात उठतो, हात न टेकता. मला ते आयुष्यात जमलेलं नाही. मी बघत राहतो.

म्हणून साताऱ्याला जाल तेव्हा पुढच्या ब्लीडसाठी औषध मागू नका. नियमित उपचार मागा, फॅक्टर असो की एमिसिझुमॅब, जे तिथे मिळत असेल ते. इनहिबिटरची तपासणी कधी झाली तेही विचारा. फॅक्टर घेऊनही एकाच सांध्यात वारंवार रक्त येत असेल तर शरीरानं फॅक्टरविरुद्ध प्रतिपिंडं केलीत का हे बघावं लागतं. शाळेचं: सोमवारी नको. आठवडाभर थांबा, आणि जाईल तेव्हा वर्गशिक्षिकेला एका चिठ्ठीवर लिहून द्या की हा "वळवळतंय" म्हणाला की लगेच फोन करा. तोच शब्द लिहा. दुसरा नको.

माणदेशी

वाईकर दादा, मला हे काही माहीत नव्हतं. माझा सल्ला मागे घेतो. ताई, तुमच्या मुलाला लवकर बरं वाटो. कराड ते सातारा रात्री-अपरात्री गाडी लागली तर इथे लिहा, माझा मेहुणा उंब्रजला असतो, त्याची जीप आहे.

कराडची_आई

आज साताऱ्याला जाऊन आलो. सकाळी सातला निघालो, अडीचला घरी. काकांनी सांगितलं तसं तारखा लिहूनच नेल्या होत्या: गणपतीचा चौथा दिवस, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, आणि हा. सिस्टरांनी वही घेतली आणि म्हणाल्या, "टार्गेट जॉइंट होतोय हा." मी म्हटलं, म्हणूनच आलेय.

डाव्या मांडीचा घेर उजवीपेक्षा दीड सेंटीमीटर कमी भरला. सोनोग्राफीत थोडं पाणी आहे, अस्तर किंचित जाड आहे, पुढची कूर्चा दिसते तेवढी एकसारखी आहे असं डॉक्टर म्हणाले. इनहिबिटरसाठी रक्त घेतलंय. तोपर्यंत आठवड्यातून दोनदा २५०, सोमवार आणि गुरुवार. नव्या इंजेक्शनासाठी नाव घातलंय. दोन वायल बर्फाच्या डब्यातून घरी दिल्या. फ्रिजमध्ये अंड्यांच्या कप्प्यात नको, दार उघडझाप होतं, आत मधल्या फळीवर ठेवा म्हणाल्या, तसं ठेवलंय.

शीर धरायला गुरुवारी शिकवणार आहेत. आज नुसती बाटली फिरवायला दिली, रिकामी. परत येताना गाडीत तो ती बाटली दोन्ही तळव्यांत धरून फिरवत होता. उंब्रजपर्यंत फिरवली, मग तशीच हातात धरून झोपला.